उथळ पाण्यातलं आरमार: अटलांटिकच्या चाच्यांचा बंदोबस्त कसा झाला

२२ नोव्हेंबर १७१८ ची सकाळ. उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागून ओक्रकोक नावाचं एक चिंचोळं बेट आहे. त्याच्या आडोशाला एक गलबत नांगर टाकून उभं होतं. गलबतावर होता ब्लॅकबिअर्ड, म्हणजे एडवर्ड टीच. काही कागदांत त्याचं आडनाव थॅच असंही येतं. त्याला धरायला आलेला लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्ड ब्रिटिश आरमाराचा अधिकारी होता. पण त्याच्यापाशी होती भाड्यानं घेतलेली दोन छोटी गलबतं, जेन आणि रेंजर. दोन्हींवर मिळून साठेक माणसं, तलवारी, बंदुका. तोफ एकही नाही. आणि त्याच वेळी लाईम आणि पर्ल या आरमाराच्या दोन खऱ्याखुऱ्या, तोफांनी भरलेल्या युद्धनौका व्हर्जिनियात नांगरून पडल्या होत्या.

फ्रान्स आणि स्पेनशी बारा वर्षं झुंजलेल्या आरमाराला एका चाच्यासाठी भाड्याची गलबतं का घ्यावी लागली? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की अटलांटिकवरच्या चाचेगिरीचा आणि तिच्या शेवटाचा जवळजवळ सगळा इतिहास हाती लागतो. चाच्यांच्या गोष्टींत पुरलेला खजिना आणि खांद्यावरचा पोपट असतो. खऱ्या कागदपत्रांत मात्र पाण्याची खोली, पगार, भाडं आणि न्यायालयाचे अधिकार यांचीच चर्चा जास्त दिसते. मला ती जास्त रंजक वाटते, कारण माणसं चाचे का झाली आणि संपली कशी, हे तिच्यातूनच कळतं.

इतके चाचे आले कुठून?

१७१३ मध्ये उट्रेख्टचा तह झाला आणि स्पेनच्या गादीवरून चाललेलं लांबलचक युद्ध थांबलं. युद्धात ब्रिटिश आरमारात सुमारे ५० हजार माणसं होती. दोन-तीन वर्षांत हा आकडा तेरा-चौदा हजारांवर आला. बाकीचे किनाऱ्यावर फेकले गेले. हे लोक लहानपणापासून दोर, शिडं आणि तोफा यांतच वाढलेले. व्यापारी जहाजांवर आता माणसांची रेलचेल झाली, त्यामुळे तिथला पगार घसरला आणि कप्तानांचा चाबूक मोकळा सुटला. आरमारात राहिलेल्यांचंही फार बरं नव्हतं. तरबेज खलाशाचा पगार १६५३ साली महिन्याला २४ शिलिंग ठरला होता, तो अजूनही तेवढाच होता.

त्यात आणखी एक गोष्ट. युद्धकाळात सरकार खाजगी जहाजांना परवाने देत असे: शत्रूची जहाजं लुटा, लुटीतला वाटा ठेवा. हातात परवाना असेल तर ती देशसेवा. तह झाला, परवाना रद्द झाला आणि तेच काम फाशीचा गुन्हा ठरलं. काल ज्याची पाठ थोपटली त्याच्या मानेभोवती आज दोर, असा हा प्रकार.

मग जुलै १७१५ मध्ये हवानाहून चांदी घेऊन निघालेला स्पॅनिश ताफा वादळात सापडला आणि त्यातली अकरा जहाजं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फुटली. बुडालेली चांदी वर काढण्यासाठी स्पॅनिशांनी तिथे छावणी टाकली. जमैकाचा हेन्री जेनिंग्ज माणसं घेऊन गेला आणि त्यानं ती छावणीच लुटली. बातमी पसरली आणि बेकार खलाशांचे लोंढे बहामा बेटांकडे वळले. न्यू प्रॉव्हिडन्स बेटावरचं नासाऊ बंदर त्यांचा अड्डा बनलं. ही निवड विचारपूर्वक होती. बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ, त्यामुळे मोठी युद्धनौका आत शिरताना तळ लागण्याची धास्ती. शिवाय तिथे धड सरकारच उरलेलं नव्हतं.

१७१६ ते १७२६ या दहा वर्षांत या भागात एकूण चारेक हजार माणसं चाचेगिरीत होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. एका वेळी दीड-दोन हजार.

आरमार होतं, पण पोचत नव्हतं

आता आरमाराच्या अडचणी पाहू.

पहिली अडचण बुडाची. चाच्यांना आवडायचं ते स्लूप, म्हणजे एकाच डोलकाठीचं, हलकं, वेगवान गलबत. ते पाण्यात फार खोल बसत नाही. खाडीत, वाळूच्या दांड्यांमधून, ओहोटीच्या पाण्यातही ते वाट काढतं. आपल्या कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे वेगळं सांगायला नको. जड युद्धनौका अशा ठिकाणी मागे गेली तर वाळूत रुतून बसते. तिच्या तीस-चाळीस तोफा तेव्हा शोभेच्या.

दुसरी अडचण तळाच्या साफसफाईची. उष्ण समुद्रात लाकडी जहाजाच्या तळाला शंख-शिंपले आणि शेवाळ धरतं आणि लाकूड पोखरणारे किडे आतून भोकं पाडतात. काही महिन्यांत जहाज मंदावतं. उपाय एकच: जहाज किनाऱ्याला आणून कलतं करायचं, तळ खरवडायचा, डांबर-चरबी लावायची. चाचे हे काम एखाद्या निर्जन बेटावर वरचेवर करत, म्हणून त्यांची गलबतं चपळ. आरमाराच्या मोठ्या नौकांना त्यासाठी धक्का आणि अवजड सामान लागे, आणि अशा सोयी त्या भागात मोजक्याच ठिकाणी होत्या. अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरमध्ये गोदी उभारायला सुरुवात झाली ती १७२५ च्या सुमारास, म्हणजे चाचे जवळजवळ संपल्यावर.

तिसरी अडचण माणसांची. हिवताप आणि पीतज्वरानं खलाशी पटापट मरत. नवी माणसं आणायची कुठून? इंग्लंडमध्ये खलाशांना जबरदस्तीनं धरून आरमारात भरती करत. अमेरिकेतल्या वसाहतींत मात्र १७०८ च्या कायद्यानं त्यावर बंधन आलं होतं. आणि जे होते तेही पळून जात, कधी थेट चाच्यांकडेच.

चौथी गोष्ट सांगताना मला खरोखर राग येतो. आरमाराच्या कप्तानांना आपल्या नौकेतून व्यापाऱ्यांचं सोनं-चांदी वाहून नेण्याचं भाडं मिळे. त्यातले काही पुढे इतर मालही नेऊ लागले. चाच्यांच्या भीतीनं व्यापारी आपला माल युद्धनौकेवर चढवणार आणि कप्तान भाडं खिशात घालणार. म्हणजे चाचे जितके माजतील तितका कप्तानाचा धंदा तेजीत. जमैकाच्या व्यापाऱ्यांनी आणि गव्हर्नरांनी याबद्दल लंडनकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. शेवटी १७२१ च्या कायद्यात संसदेनं युद्धनौकांवरच्या अशा व्यापाराला स्पष्ट मनाई केली.

हा रोग अटलांटिकपुरता नव्हता. १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन मादागास्करच्या चाच्यांचा बीमोड करायला पूर्वेकडे आला. मुंबईला पोचल्यावर तो इंग्रज आणि पोर्तुगीजांच्या संयुक्त मोहिमेत सामील झाला. ती मोहीम होती कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर, अलिबागेला, आणि ती साफ फसली. आपल्यासाठी कान्होजी म्हणजे मराठ्यांचे सरखेल, आपल्या पाण्यातून जाणाऱ्याला दस्तक, म्हणजे परवाना, मागणारे. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात मात्र ते ‘पायरेट’. तो शब्द वाचताना लिहिणारा कोण आणि त्याचा माल कोणता, हे आधी पाहावं. चाच्यांना संपवायला आलेल्या याच मॅथ्यूजवर इंग्लंडला परतल्यानंतर १७२४ मध्ये खाजगी व्यापाराबद्दल लष्करी न्यायालयात खटला चालला आणि तो दोषी ठरला.

फाशी द्यायची, पण कोणत्या न्यायालयात?

चाच्याला पकडणं हे अर्धंच काम. आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्यानुसार त्याच्यावर इंग्लंडमध्ये, ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर, खटला चालवायचा. म्हणजे कॅरिबियनमध्ये पकडलेला माणूस, साक्षीदार आणि पुरावे हे सगळं महासागर ओलांडून लंडनला न्यायचं. बहुतेक जण हा उपद्व्याप करतच नसत.

या व्यवस्थेचं पितळ उघडं पडलं त्याला आपला किनारा कारण झाला. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटलं. यात्रेकरूंचे हाल केले, बायकांवर अत्याचार केले. संतापलेल्या मुघल अधिकाऱ्यांनी सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एव्हरी मात्र अटलांटिकला परतला आणि नासाऊच्या गव्हर्नरला, निकोलस ट्रॉटला, लाच देऊन सटकला. त्याच्या टोळीतले सहा जण पकडून लंडनला आणले गेले. ऑक्टोबर १६९६ मध्ये खटला उभा राहिला आणि ज्युरीनं त्यांना चक्क निर्दोष सोडलं! सरकारचं नाक कापलं गेलं. मग त्याच माणसांवर आपलं मूळ जहाज पळवल्याचा दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला चालवला, तेव्हा कुठे शिक्षा झाली.

या धड्यातून १७०० चा नवा कायदा आला. आता वसाहतीतच, सात सदस्यांच्या विशेष न्यायालयासमोर खटला चालवता येणार होता. गव्हर्नर, व्यापारी, आरमाराचे अधिकारी असे त्याचे सदस्य. ज्युरी नाही. पकडा, तिथेच खटला चालवा, तिथेच फाशी द्या. सरकारला हे सोयीचं होतं, आरोपीला मात्र भयंकर महाग, हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं. पुढच्या पंचवीस वर्षांत चाच्यांचं कंबरडं मोडण्यात या कायद्याचा वाटा कोणत्याही तोफेपेक्षा मोठा होता, असं माझं मत आहे.

आधी माफी, मग दोर

सप्टेंबर १७१७ मध्ये राजा पहिल्या जॉर्जनं जाहीरनामा काढला. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ५ सप्टेंबर १७१८ पर्यंत, शरण या आणि जुने गुन्हे माफ करून घ्या. जे येणार नाहीत त्यांच्यावर इनाम: कप्तानासाठी १०० पौंड, मुख्य अधिकाऱ्यांसाठी ४०, साध्या चाच्यासाठी २०. आणि जो आपल्याच कप्तानाला धरून देईल त्याला २००. शेवटचं कलम फार धूर्त आहे. चाच्यांचं सगळं बळ एकमेकांवरच्या विश्वासात होतं, आणि हे इनाम थेट त्यावरच घाव घालत होतं.

जाहीरनाम्याची बातमी घेऊन फिनिक्स ही नौका १७१८ च्या फेब्रुवारीत नासाऊला आली. दोनशेहून अधिक जणांनी कप्तान व्हिन्सेंट पिअर्सकडे माफीसाठी नावं दिली. काही दिवसांतच त्यातले बरेचसे पुन्हा समुद्रावर गेले, हेही खरं.

जुलैमध्ये नवा गव्हर्नर वुड्स रॉजर्स आला. सोबत सैनिक, वस्तीला येणारी कुटुंबं आणि आरमाराच्या तीन नौका. चार्ल्स व्हेन नावाच्या चाच्यानं माफी नाकारली. लुटून आणलेलं एक फ्रेंच जहाज पेटवून त्यानं बंदराच्या तोंडाशी आलेल्या नौकांच्या रोखानं सोडलं आणि त्या गोंधळात निसटला. रॉजर्सची माणसं आजारानं मेली आणि आरमाराच्या नौका थोड्याच आठवड्यांत त्याला तसाच सोडून निघून गेल्या. तरी त्याचा डाव फसला नाही, कारण त्यानं चोरालाच कोतवाल केलं. जुना चाचा बेंजामिन हॉर्निगोल्ड, ज्याच्या हाताखाली ब्लॅकबिअर्ड तयार झाला, तो आता रॉजर्ससाठी चाचे पकडू लागला. डिसेंबरमध्ये नासाऊच्या किनाऱ्यावर आठ जणांना फाशी झाली. माफी घेऊन पुन्हा चाचेगिरीकडे वळलेले हे लोक, आणि बघायला जमलेले त्यांचेच जुने सोबती. त्या दिवशी कुणी दंगा केला नाही, आणि नासाऊ अड्डा म्हणून तिथेच संपलं.

रॉजर्सला याचं फळ काय मिळालं? बेटाच्या संरक्षणासाठी स्वतःचे पैसे ओतून तो कर्जबाजारी झाला आणि इंग्लंडमध्ये तुरुंगात गेला. पुढे त्याची पुन्हा गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली, आणि १७३२ मध्ये नासाऊलाच त्याचा मृत्यू झाला.

ओक्रकोकची ती सकाळ

ब्लॅकबिअर्डनंही माफी घेतली होती. त्याआधी मे १७१८ मध्ये त्यानं चार्ल्सटन बंदर अडवून धरलं होतं आणि ओलिसांच्या बदल्यात मागितली होती औषधांची पेटी. नंतर त्याचं मोठं जहाज, ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’, उथळ पाण्यात रुतून फुटलं. उत्तर कॅरोलिनाचा गव्हर्नर चार्ल्स ईडन यानं त्याला माफीपत्र दिलं, पण त्याचे जुने धंदे थांबले नाहीत. शेजारच्या व्हर्जिनियाचा गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवूड यानं ईडनला न कळवता, दुसऱ्या वसाहतीच्या हद्दीत मोहीम काढली. लाईम आणि पर्ल या नौका ओक्रकोकच्या उथळ पाण्यात जाऊच शकत नव्हत्या. म्हणून भाड्याची गलबतं.

तिथेही मेनार्डची दोन्ही गलबतं वाळूत अडकली. खलाशांनी नीरम, म्हणजे तोलासाठी तळाशी भरलेलं वजन, आणि पाण्याची पिंपं समुद्रात फेकली, तेव्हा ती सुटली. वारा पडलेला, म्हणून वल्ही मारत पुढे सरकणं सुरू झालं. ब्लॅकबिअर्डच्या तोफांच्या पहिल्याच सरबत्तीत वीसेक माणसं मेली किंवा जखमी झाली. मेनार्डनं उरलेल्यांना डेकखाली लपवलं. वर जवळजवळ कुणी उरलं नाही असं वाटून ब्लॅकबिअर्ड आपली माणसं घेऊन गलबतावर उतरला आणि लपलेले सगळे वर आले. हातघाईच्या लढाईत तो पडला तेव्हा अंगावर गोळ्यांच्या पाच आणि तलवारीच्या वीस जखमा होत्या. मेनार्ड त्याचं मुंडकं गलबताच्या नाळेवर टांगून परतला. पुढे इनामाच्या वाटणीवरून लाईम आणि पर्लच्या माणसांत वाद लागला, आणि प्रत्यक्ष लढलेल्यांच्या हाती फारच थोडं आलं.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा शेवटचा मोठा डाव

कॅरिबियन तापल्यावर चाचे पश्चिम आफ्रिकेकडे सरकले. तिथे होता गुलामांचा व्यापार, आणि लंडन नेमकं इथेच खडबडून जागं झालं. साखरेची वा तंबाखूची जहाजं लुटली जात होती तोवर दिरंगाई चालली. गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतवलेल्यांनी आरडाओरड केल्यावर मात्र स्वॅलो आणि वेमथ या दोन युद्धनौका रवाना झाल्या.

समोर होता बार्थोलोम्यू रॉबर्ट्स. तीन वर्षांत चारशेच्या आसपास जहाजं त्यानं धरली असं मानतात. त्याला गुलामांचा मुक्तिदाता समजण्याची चूक करू नये. जानेवारी १७२२ मध्ये उइदा बंदरात त्याच्या टोळीनं अकरा जहाजांकडून खंडणी मागितली. ‘पॉर्क्युपाइन’च्या कप्तानानं नकार दिला, तेव्हा त्यांनी ते जहाज पेटवलं. आत बेड्यांनी जखडलेले सुमारे ८० आफ्रिकी होते. काही जळाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या.

५ फेब्रुवारीला स्वॅलोचा कप्तान चॅलोनर ओगल याला केप लोपेझजवळ, आजच्या गॅबॉनच्या किनाऱ्यावर, चाच्यांची तीन जहाजं दिसली. वाटेतला उथळ भाग चुकवायला स्वॅलो वळली. चाच्यांना वाटलं, घाबरलेलं व्यापारी जहाज पळतंय. त्यांचं ‘रेंजर’ (मेनार्डच्या गलबताचंही हेच नाव, पण हे वेगळं) पाठलागाला निघालं. ओगलनं ते ओळखलं, वेग मुद्दाम कमी ठेवला आणि तोफांचा आवाज मागे ऐकू जाणार नाही इतकं लांब नेऊन मग रेंजरला घेरलं. १० तारखेला तो रॉबर्ट्ससाठी परत आला. आदल्या दिवशीच्या लुटीतली दारू पिऊन बरेच चाचे झिंगलेले होते. स्वॅलोवरून पळून चाच्यांत आलेल्या एका खलाशानंच आपली जुनी नौका ओळखली, पण उशीर झाला होता. तोफेच्या छऱ्यांनी गळा फुटून रॉबर्ट्स पडला. त्याच्याच इच्छेप्रमाणे माणसांनी त्याचा देह समुद्रात सोडला.

एकूण २७२ जण पकडले गेले. खटला चालला तो केप कोस्ट किल्ल्यात. हा किल्ला गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा. न्यायालयाचा अध्यक्ष वेमथचा कप्तान मंगो हर्डमन, आणि न्यायाधीशांत कंपनीचे अधिकारी. ज्यांचा माल लुटला तेच न्यायाला बसले होते. ५२ जणांना फाशी झाली. पकडलेल्यांत सत्तरेक आफ्रिकी होते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. त्यांना गुलाम म्हणून विकून टाकलं.

ओगलला सर ही पदवी मिळाली. वेमथच्या नशिबी काय आलं, ते मोहिमेसोबत असलेल्या जॉन अ‍ॅटकिन्स या शल्यवैद्यानं नोंदवून ठेवलं आहे: इंग्लंडहून निघताना नौकेवर २४० माणसं होती आणि सफर संपेपर्यंत मृतांची संख्या २८० झाली. आकडा चुकलेला नाही. मेलेल्यांच्या जागी वाटेत घेतलेली नवी माणसंही तापानं गेली.

त्यानंतर पाठलागाला वेग आला. १७२१ च्या कायद्यानं चाच्यांशी देवघेव करणाऱ्यालाही चाचाच ठरवलं, त्यामुळे लुटीचा माल विकत घेणारे हात आखडले. जून १७२३ मध्ये पीटर सोलगार्डच्या ग्रेहाउंड नौकेनं एक टोळी पकडली आणि पुढच्या महिन्यात ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला एकाच दिवशी २६ जण फासावर गेले.

१२ जुलै १७२६ ला बॉस्टनमध्ये विल्यम फ्लाय या चाच्याला फाशी झाली. आपल्या कप्तानाविरुद्ध बंड करून तो चाचा झाला होता, आणि त्याची कारकीर्द जेमतेम काही आठवड्यांची. फासाची गाठ नीट बांधता येत नाही म्हणून त्यानं जल्लादाला फटकारलं आणि ती स्वतःच्या हातानं बांधली. धर्मगुरूंना हवा असलेला पश्चात्ताप त्यानं केला नाही. जहाजांच्या कप्तानांना मात्र बजावलं, की खलाशांना नीट वागवा, त्यांचा पगार वेळेवर द्या.

आरमारातल्या खलाशांचे ते २४ शिलिंग वाढले १७९७ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या स्पिटहेडला, आरमाराच्या नांगर टाकायच्या जागी, सबंध ताफ्यानं शिडं उभारायला नकार दिला तेव्हा.